गेटबाहेरचे आठ महिने: नोकरी सुटल्यावर पुन्हा कामाला कसं लागायचं

माझी नोकरी एका मंगळवारी गेली. दुपारच्या चहानंतर एचआरने वर बोलावलं, पाकीट हातात ठेवलं आणि संध्याकाळी गेटवर सिक्युरिटीने पंचिंग कार्ड मागून घेतलं. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीत होतो. त्यानंतर आठ महिने घरी. नवीन ठिकाणी लागून आता चार वर्षं झाली, आणि आमच्या खात्यात माणूस घ्यायचा असला की मुलाखतीला मीही बसतो. त्या खुर्चीत बसल्यावर जे कळलं, ते आधी ठाऊक असतं तर आठातले निदान चार महिने वाचले असते.

हे लिहिताना माझ्यासमोर पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड इथला शॉप फ्लोअरवरचा किंवा प्लांटच्या ऑफिसातला माणूस आहे. आयटीवाल्यांचं गणित थोडं वेगळं असतं, पण कागदपत्रांचा भाग त्यांनाही तितकाच लागू आहे.

पहिला आठवडा कागदांचा

नोकरी गेली की पहिल्या दिवशी डोकं चालत नाही. तरीही एक काम त्याच दिवशी करा: पगाराच्या स्लिपा उतरवून घ्या. बहुतेक कंपन्यांत त्या आतल्या पोर्टलवर असतात, आणि शेवटच्या दिवशी लॉगिन बंद झालं की प्रत्येक स्लिपसाठी एचआरचे पाय धरावे लागतात. किमान शेवटच्या सहा महिन्यांच्या स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, नेमणुकीचं पत्र आणि शेवटच्या पगारवाढीचं पत्र स्वतःच्या ईमेलवर असू द्या. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांचा डेटा यांना मात्र हात लावू नका. तो कंपनीचा माल आहे, आणि त्यापायी पुढे रिलीव्हिंग लेटर अडकू शकतं.

रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मागा, आणि त्यावरच्या तारखा तिथेच उभं राहून तपासा. माझ्या पत्रावर जॉइनिंगचं वर्ष चुकलं होतं. दुरुस्तीला सात आठवडे लागले.

आता राजीनाम्याचं. ‘राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ हे वाक्य जवळपास प्रत्येकाला ऐकवलं जातं. मलाही ऐकवलं आणि मी पाच मिनिटांत सही केली. तुम्ही करू नका, निदान त्या दिवशी तरी नाही. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपात करून काढायचं असेल तर कायद्याने निदान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून. राजीनामा दिला की या भरपाईवरचा हक्क तुम्ही स्वतःच सोडला. कामगार कोण, हे ठरवताना व्हिजिटिंग कार्डावरचं पदनाम निर्णायक नसतं, प्रत्यक्ष काम काय करत होता ते पाहतात. त्यामुळे ‘तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला हे लागू नाही’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावण्याआधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा कामगार कायद्याच्या वकिलाकडे एक चक्कर मारा. एका दिवसाचा विचार मागून घेतला म्हणून कुणी तुम्हाला दोनदा काढत नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर राजीनामा दिलात तरी ती मिळते. हिशोब सोपा आहे: शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक २६,००० असेल तर वर्षामागे १५,०००, म्हणजे अकरा वर्षांचे १,६५,०००. सहा महिन्यांच्या वर गेलेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात. हा आकडा फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर स्वतः मोजून ताडून पाहा.

पीएफला हात लावण्याआधी

पीएफच्या बाबतीत दोन कामं. पहिलं म्हणजे यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबराच्या) पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडून नोकरी सोडल्याची तारीख पडली आहे का ते पाहा. कंपनीने ती टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ‘मार्क एक्झिट’ मधून आधारच्या ओटीपीवर तुम्हीच ती भरू शकता. हे राहून गेलं तर नव्या नोकरीत ट्रान्सफर अडतो.

दुसरं, सगळी रक्कम काढू नका. मोह फार होतो हे मला माहीत आहे, कारण हप्ता बँकेतून जातोच. पण पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते, आणि मध्येच सगळं काढून खातं संपवलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षांच्या आत काढलं तर करही लागू शकतो. अगदीच गरज पडली तर लागेल तेवढंच काढा.

ज्यांचा ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता, म्हणजे पगार २१,००० पर्यंत, त्यांच्यासाठी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बेकारीच्या काळात सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवतं, म्हणून ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा. माझ्या ओळखीतल्या पाच-सहा जणांपैकी एकालाही हिचं नाव ठाऊक नव्हतं.

कंपनीचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशीच संपतो. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे बाहेर पडण्यापूर्वीच विचारून घ्या. नंतर नव्याने पॉलिसी घेतली की जुन्या आजारांची वाट पाहण्याची मुदत पुन्हा मोजतात.

डबा घेऊन बाहेर पडण्याचे तीन आठवडे

बायकोला मी त्याच रात्री सांगितलं. आई-वडिलांना, शेजाऱ्यांना, सोसायटीत कुणालाच नाही. तीन आठवडे सकाळी सातला बॅग आणि डबा घेऊन निघायचो आणि निगडीच्या भक्ती-शक्तीच्या बागेत जाऊन बसायचो. साडेअकराला डबा उघडायचा, पाचला घरी. तिथे माझ्यासारखे आणखी दोघं होते. आम्ही एकमेकांना ओळखून होतो, पण बोललो नाही कधी.

या तीन आठवड्यांत एकही फोन आला नाही. येणार कुठून? मी बेकार आहे हे ठाऊक होतं कुणाला?

आमच्या पट्ट्यात जागा भरते ती बहुतेक ओळखीतून. खात्यातला एक जण सोडून जातो, मॅनेजर त्याच दुपारी हाताखालच्यांना विचारतो, ‘कुणी आहे का रे बघण्यातलं?’ जाहिरात पडते ती त्यातून कुणी सापडलं नाही तर. म्हणजे त्या दुपारी कुणाच्या तरी तोंडी तुमचं नाव यायला हवं, आणि त्यासाठी त्याला आधी कळायला हवं की तुम्ही मोकळे आहात.

कुणाला सांगायचं? जुने सहकारी तर आहेतच. पण मला खरी मदत झाली ती कॅलिब्रेशन लॅबच्या, म्हणजे मोजमापाची साधनं तपासून देणाऱ्या लॅबच्या माणसाची. हा माणूस महिन्याला पंचवीस-तीस कंपन्यांच्या क्वालिटी रूममध्ये जाऊन गेज, म्हणजे ती साधनं, घेऊन येतो. कुठे कोण सोडून गेलं, कुठे नवीन लाइन येतेय, कुठे साहेब वैतागलाय, सगळं त्याला ठाऊक. तसेच टूल आणि इन्सर्ट विकणारे सेल्सवाले, मशिनचे सर्व्हिस इंजिनिअर, ऑडिटला येणारे, सप्लायरच्या कंपनीतले क्वालिटीवाले. स्टोअरवाल्यांसाठी ट्रान्सपोर्टर, मेंटेनन्सवाल्यांसाठी स्पेअरचे दुकानदार. तुमच्या जुन्या टेबलावर बाहेरून कोण कोण यायचं ते आठवा आणि यादी करा. माझी यादी एक्केचाळीस नावांची झाली.

फोनवर ‘काही असेल तर बघ’ म्हणू नका. समोरचा ‘हो हो’ म्हणतो आणि विसरतो, कारण नक्की काय बघायचं ते त्याला कळलेलंच नसतं. मी पहिले दहा फोन असेच वाया घालवले. नंतर हे म्हणायला लागलो: ‘कपातीत माझी नोकरी गेली. क्वालिटीत अकरा वर्षं, मशिनिंग आणि कास्टिंग दोन्ही. पीपीएपी, कस्टमर ऑडिट केलेत. चाकण, तळेगाव, रांजणगाव कुठेही चालेल. उद्यापासून येऊ शकतो.’ (पीपीएपी म्हणजे नवा भाग सुरू करण्याआधी ग्राहकाची मंजुरी घेण्याचं काम.) फोन ठेवला की हेच चार ओळींत व्हॉट्सॲपवर, सोबत रेझ्युमेची पीडीएफ. मेसेज असा लिहा की समोरच्याला एक शब्द न बदलता पुढे पाठवता यावा. ‘दादा, कसा आहेस’ ने सुरू होणारा मेसेज कुणी एचआरला फॉरवर्ड करत नाही.

रोज तीन फोन पुरेत. एका शंभर पानी वहीत तारीख, नाव, काय बोलणं झालं आणि पुन्हा कधी विचारायचं ते लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं तर कुणी रागावत नाही. रोज विचारलं तर मात्र फोन उचलणं बंद होतं.

रेझ्युमे, आणि त्यातला खंड

माझा रेझ्युमे पाच पानी होता. त्यात वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून ‘क्रिकेट पाहणे’ आणि खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी शपथ. आज असा रेझ्युमे हातात आला तर मी पहिल्या अर्ध्या पानापलीकडे जात नाही. दोन पानं बास. वर नाव, फोन, राहण्याचं गाव आणि तुम्ही काय काम करता ते तीन ओळींत.

‘रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी’ यातून काहीच कळत नाही. आकडा लिहा. रिजेक्शन किती होतं, किती झालं. कुठल्या ग्राहकाचं ऑडिट सांभाळलं. सीएमएम (भागाची मापं घेणारं मशिन) कुठलं चालवलं. हाताखाली किती माणसं, किती शिफ्टा. आकडा मोठा नसला तरी चालतो, खरा हवा, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

आता खंड. लोक तो झाकायला तीन युक्त्या करतात: महिने गाळून नुसती वर्षं लिहितात, जुन्या नोकरीची तारीख ओढून पुढे नेतात, किंवा मित्राच्या वर्कशॉपमध्ये ‘कन्सल्टंट’ होतात. पहिली युक्ती आम्हाला लगेच दिसते. दुसरी आणि तिसरी जॉइनिंगच्या वेळी पकडली जाते, कारण पडताळणी करणारे यूएएनची सर्व्हिस हिस्टरी मागतात आणि पीएफची शेवटची वर्गणी कुठल्या महिन्याची ते तिथे लिहिलेलं असतं. आमच्याकडे एका चांगल्या मुलाची ऑफर अशीच रद्द झाली. त्याने पाच महिन्यांचा खंड लपवला होता. सांगितला असता तर कुणी हरकतही घेतली नसती.

महिन्यासकट तारखा लिहा आणि खंडासमोर एक ओळ: ‘कंपनीतील कपातीमुळे नोकरी संपली, या काळात अमुक केलं.’ बाळंतपण, आई-वडिलांचं आजारपण, स्वतःची शस्त्रक्रिया असेल तर तेही एका ओळीत, ‘आता पूर्ण वेळ उपलब्ध’ असं जोडून. तपशील नको.

‘अमुक केलं’ मध्ये काय लिहायचं

दोन महिन्यांच्या आत इथे लिहिण्यासारखं काहीतरी हातात घ्या. माझी शिफारस पैसे मिळतील अशा कामाची आहे, मग ते छोटं का असेना. वाहन उद्योगात सॉर्टिंग-रिवर्क करणाऱ्या एजन्सी असतात. एखाद्या सप्लायरचा खराब लॉट गेला की त्या ग्राहकाच्या प्लांटमध्ये माणसं उभी करून एकेक भाग तपासून घेतात. मी चौथ्या महिन्यात तिथे रोजावर जायला लागलो. जिथे पूर्वी ऑडिट घ्यायचो तिथेच हातात ग्लोव्ह्ज घालून क्रेटपाशी बसायचं, पहिला दिवस जड गेला. पण त्या तीन महिन्यांत मी चार प्लांटच्या आत होतो, आणि सध्याची नोकरी मला तिथल्याच एका रिसीव्हिंगच्या टेबलावर कळली.

शिकायचं असेल तर ज्या जागांसाठी अर्ज करताय त्यांत वारंवार दिसणारी एकच गोष्ट निवडा. क्वालिटीवाल्यांना आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं अंतर्गत ऑडिटरचं प्रमाणपत्र, टूलरूमवाल्यांना छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे छोटे कोर्स, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स. तिथलं शिकणं फुकट आहे आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी भरावी लागते. सहा प्रमाणपत्रं गोळा करू नका. आठ महिन्यांत सहा कोर्स केलेला माणूस समोर आला की मला त्याची घालमेल दिसते, कौशल्य दिसत नाही.

पोर्टल

नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, कामगार पातळीवर अपना किंवा वर्कइंडिया, केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयंम. सगळीकडे नाव नोंदवा, पण दिवसातला एक तासच द्या. उरलेल्या वेळात फोन.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइलमध्ये दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी छोटा बदल करा, ताजी प्रोफाइल शोधात वर येतात. आपल्या कामाची सगळी नावं लिहा: इनकमिंग, इन-प्रोसेस, फायनल इन्स्पेक्शन, सप्लायर क्वालिटी. एचआर कुठला शब्द टाकून शोधेल सांगता येत नाही. आणि नोटीस पिरियडच्या रकान्यात ‘लगेच’ निवडा. बेकार माणसाकडे असलेला हा एकमेव हुकमी पत्ता आहे. नोकरीत असलेल्या उमेदवाराला अनेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांची नोटीस असते, आणि ज्याची लाइन थांबली आहे त्या मॅनेजरला तेवढा दम नसतो.

जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे आयटीआय आणि ऑपरेटर पातळीला उपयोगी पडतात. दहा वर्षं अनुभव असलेल्याला तिथे फारसं काही नसतं. तरी स्टॉलवर बसलेल्या एचआरचा नंबर मिळतो, तेवढ्यासाठी जाऊन या.

जागा दोन मोसमांत जास्त निघतात. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर लोक सोडतात, आणि एप्रिलची पगारवाढ मनासारखी झाली नाही की मे-जूनमध्ये सोडतात. या दोन्ही वेळी फोनांची संख्या वाढवा. आणि नवीन प्लांटच्या बातम्या वाचत जा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थांबला, पुढे तोच ह्युंदाईने घेतला. असा प्लांट हात बदलतो तेव्हा त्याच्या मागोमाग सप्लायरांकडेही माणसं लागतात, आणि तिथे गर्दी कमी असते.

पैसे मागितले की फोन ठेवा

लॅपटॉपचं डिपॉझिट, गेट पासची फी, ट्रेनिंगचे पैसे, मेडिकलचा खर्च ‘आधी भरा, पगारात परत मिळेल’. नाव काहीही असो, नोकरीसाठी तुमच्याकडून पैसे मागणारा फसवतोय असंच धरून चाला. खऱ्या कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते. मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवरचं ऑफर लेटर मुलाखतीशिवाय आलं तर ईमेलचा पत्ता नीट वाचा आणि कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून रोज हजार रुपये देणाऱ्यांनी माझ्या शेजाऱ्याचे चाळीस हजार नेले. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

मुलाखतीत

‘हे आठ महिने काय केलंत?’ हा प्रश्न येणारच. आम्हाला त्यात तीन गोष्टी ऐकायच्या असतात: का गेली, तेव्हापासून काय चाललंय, आणि माणूस अजून त्याच जखमेवर बसलाय का. उत्तर अर्ध्या मिनिटाचं असावं. ‘ग्राहकाने एक मॉडेल बंद केलं, आमची लाइन थांबली, खात्यातले सहा जण कमी झाले, त्यात मी होतो. चौथ्या महिन्यापासून सॉर्टिंगच्या कामावर जातोय, त्यात अमुक दोष शोधून काढला. आता कायम जागा बघतोय.’ एवढं बोलून थांबा. जुन्या साहेबाचा उद्धार केलात की समोर बसलेला साहेब त्या जागी स्वतःला बघतो.

हे उत्तर आरशासमोर नको, बायकोसमोर किंवा मित्रासमोर मोठ्याने बोलून पाहा, दहा वेळा. एचआरची फेरी बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असते, म्हणून इंग्रजीतही. प्लांटचा माणूस मात्र बहुधा मराठी-हिंदीतच विचारतो, आणि समोर ड्रॉइंग किंवा खराब भाग ठेवून ‘काय दिसतंय?’ म्हणतो. माझ्या मते निकाल तिथेच लागतो. त्यासाठी मायक्रोमीटर, कंट्रोल प्लॅन, एट-डी (दोषाचं मूळ शोधण्याची आठ पायऱ्यांची पद्धत) यांची उजळणी करून जा. आठ महिन्यांत हाताची सवय जाते, हे मी स्वतः अनुभवलंय. व्हर्निअर वाचताना मी अडखळलो होतो.

पगार विचारला तर शेवटचा खरा सांगा, स्लिपा मागणारच आहेत. थोडं कमी घ्यायची वेळ आली तर माझी सीमा दहा-पंधरा टक्क्यांची होती. त्याखाली गेलं की पुढच्या प्रत्येक नोकरीत तोच आकडा आधार धरला जातो. पण घरात दाणा नसताना सीमा कसली सांभाळायची, तेही खरंच. अशा वेळी घ्या, आणि सहा महिन्यांनी फेरविचार करण्याचं पत्रात लिहून मागा.

ऑफर हातात आल्यावर

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा बाजूला ठेवून ‘हातात किती?’ विचारा. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, कधी कधी बस आणि कँटीनसुद्धा सीटीसीत मोजलेलं असतं. नेमणूक कंपनीच्या पटावर आहे की थर्ड पार्टीच्या, हे पत्राच्या वरच्या नावावरून कळतं. मुलाखत मोठ्या कंपनीच्या ऑफिसात झाली तरी पत्र कंत्राटदाराचं असू शकतं. त्यात वाईट काही नाही, पण सही करताना ठाऊक असायला हवं.

जुनाच यूएएन द्या, नवीन काढू देऊ नका. त्याच आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीतून पगार मिळाला असेल तर तो आकडा नव्या अकाउंट्सला कळवा. नाहीतर दोन्हीकडे करात सूट धरली जाते आणि विवरणपत्र भरताना एकदम रक्कम अंगावर येते. पहिला पगार झाल्यावर पीएफची नवीन नोंद आणि वारसाचं नाव तपासा, जुन्या खात्याचा ट्रान्सफर टाका.

आणि ती शंभर पानी वही काढून त्यातल्या सगळ्यांना फोन करा. मी एक्केचाळीस जणांना केले. त्यातल्या दोघांनी फोनवरच विचारलं, ‘तुझ्याकडे काही जागा आहे का रे?’